टाकीतली लावणी: कोणतं रोप खडीत, कोणतं दगडावर

माशांच्या दुकानातून पाण्यातली रोपं आणली, टाकीच्या खडीत खोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी वर तरंगत होती, ही तक्रार नव्याने टाकी लावणाऱ्यांकडून कायम ऐकू येते. उरलेली निम्मी दोन-तीन आठवड्यांत बुडापासून कुजतात. मग दोष लाइटला, नाहीतर खताला. लाइट आणि खत यांची पाळी नंतर येते. त्याआधी एक गोष्ट बघायची: या रोपाचा कुठला भाग खडीखाली जायला हवा आणि कुठला अजिबात जाता कामा नये. हे नीट झालं तर साध्या एलईडीखाली आणि साध्या खडीतही बरीच रोपं तग धरतात.

रोप हातात घ्या, बूड बघा

दुकानात सगळी रोपं एकाच टबात पडलेली असतात, त्यामुळे सगळी एकाच पद्धतीने लावायची असं वाटतं. पण बूड पाहिलं की फरक कळतो.

काही रोपं म्हणजे नुसती काडी असते. काडीला पेरं, प्रत्येक पेराला पानं. हायग्रोफिला, रोटाला, लुडविजिया, लिम्नोफिला, कबोंबा, बकोपा ही सगळी या घरातली. (बकोपा मोन्निएरी म्हणजे आयुर्वेदातली ब्राह्मी. ती टाकीतही चांगली वाढते.) यांना विकत घेताना बहुधा मुळंच नसतात. ती पेरांतून नंतर फुटतात.

दुसऱ्या प्रकारात सगळी पानं एकाच गड्ड्यातून निघतात आणि त्याच गड्ड्याखाली मुळांचा झुबका असतो. व्हॅलिस्नेरिया, ॲमेझॉन सोर्ड, क्रिप्टोकोरिन ही त्यातली नेहमीची नावं.

तिसरा प्रकार आडव्या खोडाचा. आल्याचं असतं तसं जाड खोड आडवं वाढतं, वरून पानं आणि खालून मुळं येतात. ॲनुबियस, जावा फर्न, बुसेफॅलँड्रा. दुकानदार या खोडाला ऱ्हायझोम म्हणतात. नवखे लोक सर्वांत जास्त रोपं याच प्रकारातली मारतात, म्हणून खाली त्यावर जास्त लिहिलं आहे.

उरलेल्यांत मॉस, हॉर्नवर्ट आणि पाण्यावर तरंगणारी रोपं. हॉर्नवर्टला मुळंच नसतात. ते खडीत खोचलं तर खोचलेला भाग कुजतो आणि वरचा सुटून तरंगतो. म्हणून सरळ पाण्यात सोडून द्या, तसंच ते भराभर वाढतं. पहिल्या टाकीसाठी याच्याइतकं सोपं रोप दुसरं नाही.

एक सूचना खरेदीच्या वेळची. काही दुकानांत लकी बांबू, ड्रसीनाच्या रंगीत जाती, क्लोरोफायटम अशी जमिनीवरची रोपंही पाण्यात ठेवून विकतात. ती महिनाभर हिरवी दिसतात आणि मग सडतात. नाव विचारा, घरी येऊन शोधा, आणि नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका.

तळ: किती, कसला

दोन फुटी टाकी धरू: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ साधारण 54 लिटर पाणी. मुळांना धरायला सरासरी 6 सेंटीमीटर थर हवा, म्हणजे जवळपास 11 लिटर, वजनात सोळा-सतरा किलो खडी. पुढे चार-पाच सेंटीमीटर आणि मागे सात-आठ असा उतार ठेवला तर मागच्या मोठ्या रोपांना खोली मिळते आणि टाकी बघायलाही खोल वाटते. काच, पाणी, खडी, दगड मिळून हे प्रकरण 80 किलोच्या आसपास जातं, तेव्हा स्टँड आधी तपासा.

खडीचा दाणा 2 ते 3 मिलिमीटर. दुकानात जास्त खपते ती निळी-गुलाबी, हरभऱ्याएवढी रंगीत खडी. रोपांसाठी ती बिनकामाची. तिच्यात बारीक मुळांना पकड मिळत नाही, आणि माशांचं उरलेलं खाणं फटींतून खाली जाऊन सडतं. अगदी बारीक वाळूही चालते, फक्त थर फार जाड करू नका. ॲक्वासॉइल, म्हणजे टाकीतल्या रोपांसाठी मिळणारी दाणेदार माती, घेतलीत तर उत्तम, पण ती धुवायची नाही. दाणे फुटून चिखल होतो. आणि सुरुवातीचे काही आठवडे ती पाण्यात अमोनिया सोडते, त्यामुळे मासे उशिरा सोडायचे. साधी खडी मात्र बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही.

समुद्रकाठची वाळू फुकट मिळते म्हणून कोकणातल्या घरी जाऊन पोतं भरून आणू नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळत राहतो आणि पाणी जड होत जातं. कुठल्याही खडीवर किंवा दगडावर व्हिनेगरचे काही थेंब टाका. फेस आला की त्यात चुना आहे असं समजा. आपला सह्याद्रीतला काळा बेसॉल्ट या परीक्षेत बहुधा पास होतो, पण त्याच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे खडे असतात. त्यांतले काही कॅल्साइटचे असतात, म्हणून थेंब नेमके त्या पांढऱ्या भागावर टाका. जांभा दगडही वापरता येतो. त्यात लोह भरपूर आणि पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे मुळं चटकन धरतात. फक्त तो झिजून लाल पाणी सोडत नाही ना, हे आठवडाभर बादलीत ठेवून बघा.

घरी आणल्यावर, टाकीत टाकण्याआधी

जाळीच्या कुंडीत आलेलं रोप असेल तर कुंडीतला पिवळट लोकरीसारखा गोळा पूर्ण काढा. ती रॉकवूल. बोटांनी जेवढी निघेल तेवढी, उरलेली चिमट्याने, वाहत्या पाण्याखाली. जुडीला शिशाची पट्टी किंवा रबर बँड गुंडाळलेला असेल तर तोही काढून टाका आणि हात धुवा. ती पट्टी रोप तळाशी राहावं म्हणून दुकानात लावलेली असते. तशीच पुरली तर काड्या तिथेच आवळल्या जाऊन सडतात.

मग पानांची खालची बाजू बघा. जेलीसारखे पारदर्शक ठिपके दिसले तर ती गोगलगाईची अंडी. नखाने खरवडा. शिवाय चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून रोपं त्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा आणि नंतर दोनदा साध्या पाण्यात खळबळून घ्या. तुरटी घरात असतेच, वेगळं औषध आणायला नको. मॉससारख्या नाजूक गोष्टी तुरटीत न ठेवता नुसत्या नीट धुवा.

पिवळी, फाटकी, भोकं पडलेली पानं आत्ताच कापा. ती टाकीत हिरवी होणार नाहीत, फक्त कुजून शेवाळाला खाद्य पुरवतील.

लावणीचा दिवस

भरलेल्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून रोप लावणं हा स्वतःला दिलेला त्रास आहे. रोपं तरंगतात, पाणी ढवळतं, कुठे काय लागलं ते दिसत नाही. त्याऐवजी क्रम असा ठेवा:

1. खडी घाला, उतार करा, दगड आणि लाकूड जागेवर बसवा. दगड खडीवर न ठेवता थोडे आत रुतवा.
2. पाणी खडीच्या वर दोन-तीन बोटं येईल एवढंच भरा.
3. शेजारी पाण्याचा स्प्रे ठेवा. लावून झालेल्या पानांवर दर पाच-दहा मिनिटांनी फवारा. ही पानं उघड्यावर फार लवकर सुकतात, पंखा चालू असेल तर आणखी लवकर.
4. आधी दगड-लाकडावरची रोपं, मग मागची उंच, मग मधली, शेवटी पुढची बुटकी.
5. सगळं लागलं की खडीवर बशी ठेवा आणि तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडून टाकी सावकाश भरा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवणारं औषध टाका.

हत्यार एकच लागतं: 25 ते 30 सेंटीमीटर लांबीचा स्टीलचा चिमटा. सरळ टोकाचा पुरतो. कात्री घरातली चालेल, पण धारदार हवी. बोथट कात्रीने काडी चेचली जाते.

काडीची रोपं

जुडी तशीच्या तशी एका खड्ड्यात लावू नका. आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि महिन्याभरात त्यांची खालची पानं गळून नुसते दांडे उरतात. जुडी सोडवा. प्रत्येक काडीचा खालचा काळपट झालेला दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा पेराच्या जरा खाली कापा. खालच्या दोन पेरांवरची पानं काढा, पण मुळापासून ओरबाडू नका. देठाचे आखूड खुंट ठेवा. खडीत गेल्यावर हे खुंट दाण्यांत अडकतात आणि काडी वर येऊ देत नाहीत.

आता चिमट्याने काडीचं अगदी खालचं टोक धरा, चिमटा आणि काडी एका रेषेत ठेवून. उभं न खुपसता तिरकं, साधारण 45 अंशांत, तीन-चार सेंटीमीटर आत घाला. चिमटा थोडाच उघडा, जागच्या जागी हलकेच हलवा म्हणजे खडी काडीभोवती बसते, आणि मग सावकाश मागे ओढा. घाईत चिमटा पूर्ण उघडला की भोक मोठं होतं आणि काडी चिमट्याबरोबर परत येते. दोन-चार काड्या निसटतील, मग हात बसतो.

दोन काड्यांमध्ये दोन-तीन सेंटीमीटर अंतर ठेवा. पाच-सहा काड्यांचा पुंजका एका जागी लावला तर तो भरगच्च दिसतो. सगळ्या टाकीभर एकेक काडी विखुरली तर काहीच दिसत नाही. नवख्यांनी हायग्रोफिला पॉलिस्पर्मापासून सुरुवात करावी. लाल रोटाला आणि कबोंबा यांना उजेड जास्त लागतो, ते पुढच्या वेळी.

गड्ड्याची रोपं

मुळांचा झुबका लांब असेल तर चार-पाच सेंटीमीटर ठेवून बाकीचा कापा. लांब मुळं खड्ड्यात दुमडून कोंबली जातात आणि रोप उचलून फेकतात. शिवाय विकत आणलेल्या रोपाची बरीचशी जुनी मुळं तशीही मरतात आणि नवी येतात.

बोटाने खड्डा करा, रोप गरजेपेक्षा खोल घाला, खडी लोटा आणि मग पानांच्या बुडाशी धरून रोप किंचित वर खेचा, गड्डा खडीच्या पातळीवर दिसेपर्यंत. मुळं या ओढण्याने खाली सरळ होतात. व्हॅलिस्नेरियात पानांचा पांढरा भाग संपून हिरवा सुरू होतो ती जागा खडीच्या लगोलग वर यायला हवी. गड्डा पुरला गेला की मधला कोवळा कोंब कुजतो, आणि कोंब गेला की रोप गेलं.

ॲमेझॉन सोर्ड दुकानात वितीएवढा असतो, चांगला लागला तर दीड फुटापर्यंत जातो. दोन फुटी टाकीत एकच पुरे, तोही मागे. या सगळ्या रोपांचं पोट मुळांवर चालतं, म्हणून साध्या खडीत लावताना बुडापासून दोन-तीन बोटांवर खत-गोळी, म्हणजे रूट टॅब, खोलवर दाबून ठेवा. वर ठेवलीत तर ती पाण्यात विरघळेल आणि रोपाऐवजी शेवाळ पोसाल.

कंदातून वाढणारी अपोनोजेटनचीही रोपं मिळतात. कंद अर्धा खडीत, अर्धा वर, कोंबाचं टोक वरच्या बाजूला. साताऱ्याच्या कास पठारावर फुलणारा वायतुरा, अपोनोजेटन सातारेन्सिस, याच कुळातला. तो सह्याद्रीच्या थोड्याच पठारांवर उगवतो आणि पावसाळी डबक्यांवर जगतो, उन्हाळ्यात कंदाच्या रूपात झोपून राहतो. तो टाकीसाठी उपटायचा नाही. बारमाही पाण्यात तसाही नीट टिकायचा नाही.

दगडावरची रोपं

ॲनुबियस, जावा फर्न आणि बुसेफॅलँड्रा यांचं आडवं खोड उघड्या पाण्यात राहायलाच हवं. मुळं खडीत गेली तर हरकत नाही, पण खोड पुरलं की ते मऊ पडतं, हाताला बुळबुळीत लागतं, वास येतो आणि पानं देठासकट सुटून येतात. म्हणून यांना दगडावर किंवा लाकडावर बसवायचं. दोन मार्ग आहेत.

पहिला, बांधणे. ॲनुबियस फार हळू वाढतो, दगड धरायला त्याला काही महिने लागू शकतात, म्हणून त्याला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, वापरा, बारीक. दोन-तीन वेढे पुरतात. वेढा खोडावरून जाऊ द्या, पण कोंबाच्या टोकावरून नको, आणि खोड कापलं जाईल इतका घट्टही नको. मॉससाठी काळा किंवा हिरवा सुती दोरा बरा. तो पाण्यात काही आठवड्यांत विरतो, तोपर्यंत मॉस लाकडात गुंतलेलं असतं. मॉस कात्रीने बारीक कापून, खालचं लाकूड थोडं दिसेल इतक्या पातळ थरात पसरा. जाड गठ्ठा बांधला तर खालचा भाग उजेडाविना पिवळा पडतो आणि सगळं सुटतं.

दुसरा मार्ग चिकटवण्याचा. फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद चालतो, वाळल्यावर माशांना त्याचा त्रास होत नाही. जेल प्रकारचा मिळाला तर तोच घ्या, पातळ गोंद दगडावरून ओघळतो. दगडाची जागा पुसून कोरडी करा, रोपाच्या मुळांचं पाणी टिपा. एक-दोन थेंब मुळांच्या आणि खोडाच्या खालच्या बाजूला लावा, दगडावर पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि पाण्यात बुडवा. पाणी लागलं की गोंद लगेच घट्ट होतो. पांढरा डाग राहतो, तो काही आठवड्यांत शेवाळाखाली झाकला जातो. एक काळजी मात्र घ्या: हा गोंद कापसावर, सुती दोऱ्यावर किंवा सुती हातमोज्यावर सांडू देऊ नका. सुतावर तो इतक्या जोरात घट्ट होतो की चटका बसतो आणि धूर निघतो. म्हणजे बांधा किंवा चिकटवा, सुती दोरा आणि गोंद एकत्र नको.

लाकूड तरंगत असेल तर एक-दोन आठवडे बादलीत दगडाखाली बुडवून ठेवा. मावत असेल तर उकळा, त्याने चहासारखं पाणीही कमी सुटतं. घाई असेल तर लाकडाखाली फरशीचा तुकडा स्टेनलेस स्क्रूने बसवतात. लोक त्यासाठी कडप्पा वापरतात कारण तो घरोघरी पडलेला असतो. पण कडप्पा, शहाबाद आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. ग्रॅनाइटचा किंवा सिरॅमिक टाइलचा तुकडा घ्या.

तरंगलंच तर

पहिले आठ-दहा दिवस रोज दोन-चार काड्या वर येतील. परत लावा. सारखी निसटणारी काडी फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगच्या भोकातून ओवून रिंगसकट पुरा. गड्ड्याच्या रोपाच्या बुडाशी दोन चपटे गोटे टेकवून ठेवा, मुळं धरली की काढा. फिल्टरची धार थेट नव्या लावणीवर येत असेल तर तोंड काचेकडे वळवा.

गोल्डफिश असेल तर कोवळी रोपं खाल्ली जातील आणि उरलेली उपटली जातील. त्या टाकीत फक्त दगडावर बसवलेला ॲनुबियस आणि जावा फर्न ठेवा, त्यांची पानं चिवट असतात. फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर खडी उकरतातच, तिथे खडीतल्या लावणीच्या नादी लागू नका. सकर फिश मोठा झाला की सोर्डची पानं खरवडून जाळीदार करतो.

पहिला महिना

बरीच रोपं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्याखाली आली की जुनी पानं विरतात आणि पाण्याला साजेशी, वेगळ्या आकाराची नवी पानं येतात. क्रिप्टोकोरिन तर एका आठवड्यात सगळी पानं टाकून बोडका होतो. उपटून फेकू नका. विरलेली पानं काढा, गड्डा घट्ट आहे ना ते बघा आणि जागा न बदलता थांबा. तो पुन्हा फुटतो. दर दोन दिवसांनी उचलून मुळं तपासणाऱ्याचं रोप मात्र कधीच लागत नाही.

लाइट सहा तासांपासून सुरू करा आणि टायमर लावा. महिन्यानंतर आठ तासांपर्यंत न्या. नव्या टाकीत जास्त उजेड म्हणजे हमखास शेवाळ. पाण्यात टाकायचं खत पहिले दोन-तीन आठवडे नको, नंतरही बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून. बोअरवेलचं जड पाणी असेल तर व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, ॲनुबियस निवडा, ते कुरकुर करत नाहीत. बाटलीतला द्रवरूप कार्बन मात्र व्हॅलिस्नेरियाला सोसत नाही, पानं काचेसारखी होऊन विरघळतात.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये नवी टाकी लावू नये असं माझं मत. पाणी 32 अंशांवर गेलं की नवं रोप मुळं धरण्याऐवजी कुजायला लागतं. लावलीच असेल तर झाकण उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, मात्र रोज उडालेलं पाणी भरावं लागतं.

काड्या पृष्ठभागाला टेकल्या की कापणी करा. वरचा निरोगी शेंडा कापून तोच नवी काडी म्हणून शेजारी लावा, बुडालाही दोन नवे फुटवे येतात. व्हॅलिस्नेरियाच्या धावत्या खोडावर आलेल्या पिल्लाला चार-पाच पानं आणि स्वतःची मुळं आली की दोर कापून वेगळं लावा. जास्तीची रोपं मित्रांना द्या, नाहीतर वाळवून कुंडीत खत म्हणून टाका. नाल्यात, तळ्यात किंवा नदीत अजिबात सोडू नका. पवना-इंद्रायणीवर पसरणारी जलपर्णीही अशीच बाहेरची, मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे.